तापीला हवी सांगड

राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ मध्ये झाला आणि त्याच्या यादीत तापीला शंभरावा क्रमांक मिळाला. हतनूर धरणापासून अरबी समुद्रापर्यंत ४३६ किलोमीटर. कागदावर पाहिलं तर भुसावळच्या माणसाने नाव सोडावी आणि सुरतेच्या पुढे समुद्राला लागावं. प्रत्यक्षात हतनूरच्या ४१ दरवाजांखाली उन्हाळ्यात नदीचे खडक उघडे पडतात आणि पुढे शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज एकामागून एक आडवे येतात. त्यांच्या दरवाजांतून पाणी जातं, नाव जात नाही. तेव्हा मालाच्या बार्जेस तापीतून जातील हे स्वप्न सध्या बासनात बांधून ठेवलेलं बरं. पण याच बॅरेजांनी नदीचे जे तुकडे पाडले, ते लांबट, शांत तलावच आहेत. त्यांच्या जोडीला हतनूरचा फुगवटा, जळगावजवळचं वाघूर, धुळ्याचं अक्कलपाडा आणि नकाणे, जळगाव शहरातलं मेहरूण धरा. एवढं पाणी साठलेलं असताना त्यावर फिरायचं कशातून, याचं सरकारी उत्तर राज्यभर एकच ठरलेलं दिसतं: स्पीड बोट, जेट स्की आणि फुगवलेली बनाना राइड. केळीच्या जिल्ह्यात रबराचं केळं ओढत नेण्यात काय हशील आहे, ते प्रस्ताव करणाऱ्यांनाच ठाऊक. माझं म्हणणं एवढंच, की खान्देशच्या जलाशयांना साजेशी नाव वेगळी आहे. ती दोन धडांची, बुटक्या शिडाची, दोरांनी बांधलेली आणि संथ असावी. बोट उद्योगाच्या लेखी ती चमत्कारिक ठरेल. इथल्या पाण्याच्या लेखी ती सर्वांत सरळ आहे.

चमत्कारिक म्हणावी तर तिचं नाव आपण रोज घेतो. ‘सिंचन आणि पर्यटन यांची सांगड घालू’ असं पुढारी भाषणात म्हणतात तेव्हा ते नकळत होडीचंच बोलत असतात. जुन्या मराठीत सांगड म्हणजे नदी उतरण्यासाठी एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या, किंवा दोन ओंडके, किंवा पोहणाऱ्याच्या काखेखाली येतील असे दोरीने जोडलेले दोन वाळके भोपळे. एकटा भोपळा हाताखालून निसटतो, गरकन फिरतो. दोन भोपळ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून दोरी बांधली की तेच भोपळे माणसाला धरून ठेवतात. दोन धडांच्या नौकेमागचं सगळं शास्त्र या दोरीच्या लांबीत आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरची होडी हेच थोड्या वेगळ्या रीतीने करते. तिच्या एका अंगाला आडव्या दांड्यांवर हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, त्याला उलांडी म्हणतात, आणि अरुंद होडी त्याच्या आधाराने लाटेवर उभी राहते. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्दही तमिळ ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांवरून गेला. गेटवेहून मांडव्याला जाताना तिकिटावर हा शब्द वाचणाऱ्यांपैकी किती जणांना आपण सांगडीतून चाललोय हे जाणवत असेल, कोण जाणे.

आता मुद्द्याचं. गोड्या पाण्यातल्या नौकेला पहिला प्रश्न विचारायचा तो वेगाचा नव्हे, तोलाचा. २१ मे २०२४ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. खान्देशच्या उशाशी, नर्मदेच्या फुगवट्यात, २०१९च्या संक्रांतीला भुषाजवळ अशीच गर्दीने भरलेली बोट उलटली. प्रत्येक वेळी चर्चा लाइफ जॅकेटची आणि परवान्याची झाली. ती झालीच पाहिजे. पण बोटीच्या आकाराकडे कोणी बोट दाखवलं नाही. एकाच धडाच्या उथळ बोटीत माणसं घाबरून एका काठाला सरकली की तो काठ पाण्याला टेकतो, आणि टेकला की आत आलेलं पाणी पुढचं काम करतं. समुद्रातली शिडाची नौका यावर उपाय म्हणून पोटाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा बाळगते. तो कणा दीड-दोन मीटर खोल जातो. हतनूरमध्ये गाळ किती साचलाय हे जळगावकरांना सांगायला नको. तिथे असा कणा पहिल्या फेरीतच रुतून बसेल.

दोन धडांची नाव तोल वजनातून घेत नाही, रुंदीतून घेते. साधा हिशेब मांडून पाहू. साडेसात मीटर लांबीची दोन अरुंद धडं, त्यांच्या मध्यरेषांमध्ये तीन मीटर अंतर, नावेचं वजन सहाशे किलो आणि त्यात सरासरी साठ किलोची दहा माणसं. एकूण भार बाराशे किलो. दहाच्या दहा जण काही बघायला एकाच धडावर जाऊन उभे राहिले, तरी सगळ्या भाराचा मध्य पाऊण मीटर सरकेल. दुसरं धड पाण्यातून उचललं जायला तो दीड मीटर सरकावा लागतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून वेडेपणा केला तरी निम्मी शिल्लक हाताशी राहते. ही शिल्लक बोटीच्या आकारातच मुरलेली आहे. नावाडी कितपत सावध आहे यावर ती अवलंबून नाही, आणि मला तिचं मोल वाटतं ते याच कारणासाठी.

वाऱ्याचा हिशेब मात्र असा निर्धास्त नाही, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. याच नावेवर अठरा चौरस मीटरचं शीड लावलं आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा बाजूने आला, तर शिडावर ढोबळमानाने १३५ किलोचा रेटा येतो. तो साडेतीन मीटर उंचीवर लागतो असं धरलं तर नाव कलवणारा जोर होतो सुमारे ४७० किलो-मीटर. नाव सोसू शकते १८००. बिनघोर. पण वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरला तोच आकडा १९००च्या घरात जातो आणि हिशेब उलटतो. असा वारा खान्देशात काल्पनिक नाही. मे-जूनमध्ये रावेर, यावल, मुक्ताईनगरकडे वादळ येतं आणि घडावर आलेल्या केळीच्या बागा अर्ध्या तासात आडव्या होतात; केळीला विचारा वारा किती होता ते. म्हणून शीड बुटकं हवं, आणि एक दोर सोडला की आपल्या वजनाने सरसर खाली यायला हवं. शर्यतीच्या कॅटामरानांना उंच डोलकाठी आणि वर निमुळतं होत जाणारं शीड असतं, कारण त्यांना वेग हवा असतो. इथे आडव्या काठीला बांधलेलं, रुंद, चौकोनाकडे झुकणारं जुन्या धाटणीचं शीड बरं. वाऱ्यावर चढताना ते मंद पडतं हे खरं, पण दोर सोडणारा एकटाच असला तरी दहा आकडे मोजेपर्यंत ते खाली येतं. डोलकाठी बिजागरीवर असावी, पाडता यावी. भुसावळच्या दीपनगर केंद्रातून निघालेल्या उच्चदाबाच्या तारा या मुलखात कुठे कुठे आडव्या गेल्यात ते पाहिलं, की उंच ॲल्युमिनियमच्या डोलकाठीचा मोह आपोआप सुटतो.

‘आराम’ या शब्दाचा अर्थही इथे जागेवर ठरवायला हवा. विदेशी कॅटामरानच्या जाहिरातीत आराम म्हणजे चार शयनगृहं, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि काचेच्या भिंती. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो. तिथे काचेची खोली पाण्यावर तरंगवणं म्हणजे भट्टी तरंगवणं. इथला आराम म्हणजे सावली आणि खालून येणारा वारा. दोन धडांमध्ये फळ्यांचा अखंड ओटा न करता मधला पट्टा जाळीचा ठेवावा. जाळीतून गारवा वर येतो आणि लाट आपटली तरी तिचं पाणी तसंच खाली जातं. हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण दोन धडांच्या नावेची एक खोड आहे. लांबट जलाशयावर वारा सुटला की लाटा छोट्या पण दाट उठतात आणि त्या मधल्या ओट्याला खालून थपडा मारतात. ओटा पाण्यापासून पुरेसा उंच आणि फटींचा नसेल तर गप्पा मारणंही जड जातं. दुसरी खोड अशी, की ही नाव एका कुशीवर झुकत नाही, पण बाजूच्या लाटेवर झटके देते. झुकणारी नाव पाळण्यासारखी असते, ही बैलगाडीसारखी. तरीही नऊवारीतली आजी, कडेवर मूल घेतलेली बाई आणि पोहता न येणारा माणूस यांना विचारलं तर ते बैलगाडी पसंत करतील अशी माझी खात्री आहे. चढताना पायाखाली डुचमळत नाही, बसल्यावर चहाचा पेला जागचा हलत नाही, आणि आपण उलटणार नाही हे अंगाला कळतं. भीती गेल्याशिवाय सहल होत नाही.

पहिला आक्षेप येईल तो वाऱ्याचाच: खान्देशात शीड हाकण्याइतका वारा आहे कुठे? साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या हे सोपं उत्तर झालं असतं, पण ते पुरतं खरं नाही. त्या चक्क्या उंचावर आहेत आणि त्यांचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा. तापीचं खोरं खाली आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा आणि पश्चिमेला तोंड उघडं, असा हा बोळ. उन्हाळा चढत जातो तसा पश्चिमेचा वारा त्यातून आत शिरतो. पावसाळ्यात वारा भरपूर, पण तेव्हा दरवाजे उघडलेले असतात आणि पाण्यात उतरायचंच नसतं. आणि सहलीचा खरा हंगाम जो हिवाळ्याचा, तो बराचसा निवांत. म्हणजे केवळ शिडावर भिस्त ठेवून चालणार नाही. पण हलकी, अरुंद धडं पाण्याला इतका कमी अडथळा करतात, की नावेला रेटायला लहान विजेची मोटर पुरते, आणि सावलीसाठी जे छत घालायचंच आहे त्याच्यावर सौर पट्ट्या बसतात. उन्हाची कमतरता खान्देशाला कधीच नव्हती. साक्रीजवळ महानिर्मितीने १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला तो याच भरवशावर. केरळात वैकम आणि तवणक्कडवु यांच्यामध्ये जानेवारी २०१७पासून ‘आदित्य’ नावाची ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट चालते. ती दोन धडांचीच आहे, कारण एका जाड धडाला त्याच विजेवर तेवढा पल्ला मिळाला नसता. कोचीच्या जलमेट्रोने एप्रिल २०२३मध्ये फेऱ्या सुरू केल्या त्याही दुहेरी धडांच्या विजेच्या बोटींतून. मी फक्त त्यावर शीड चढवा म्हणतोय. वारा असेल तेव्हा मोटर बंद, वारा पडला की मोटर चालू. पश्चिमेचा वारा पाठीवर घेऊन जाणं सोपं, त्याच्या तोंडावर परत येणं अवघड, परतीला मोटर.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो जड आहे. शिशाच्या कण्याची नौका उलटली तर स्वतःहून सरळ होते; दोन धडांची उलटली तर उलटीच राहते. हे शंभर टक्के खरं आहे आणि महासागर ओलांडणाऱ्याने यावर रात्रभर विचार करावा. पण आपल्या जलाशयांवर आज ज्या बोटी चालतात त्यांना कुठे कणा आहे? त्या उलटतात, भरतात आणि तळाला जातात. बंद कप्प्यांची, आत फोम भरलेली दोन धडं उलटली तरी तरंगत राहतात, आणि पाण्यात पडलेल्यांना धरायला सात मीटरचा तराफा मिळतो. तुलना करायची ती हातात असलेल्या पर्यायाशी.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण निविदा काढणाऱ्याच्या मनात तोच पहिला असतो: अशी बोट कुणी घेतलेली नाही. ही शंका या नावांना नवी नाही. १८७६मध्ये अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी ‘अमॅरिलिस’ नावाची दुहेरी धडांची नाव शर्यतीत उतरवली, ती जिंकली, आणि नंतर अशा नावांना नेहमीच्या शर्यतीत मज्जाव झाला. १९५४मध्ये इंग्लंडात जेम्स व्हॅरम यांनी पॉलिनेशियन नमुन्यावरून साडेतेवीस फुटांची ‘टांगारोआ’ स्वस्तात बांधली. भर समुद्रात तिचे दोन तुकडे होतील असं म्हणणारे पुष्कळ होते. तिघे जण तीतून अटलांटिक पार करून त्रिनिदादला पोचले. व्हॅरम यांनी पुढच्या काळात आपल्या नावांची धडं आडव्या तुळयांना बोल्टने न आवळता दोरांनी बांधली, कारण दोर किंचित देतो आणि लाटेचा झटका सांध्यात अडकत नाही. सुंभाने औत आणि जू बांधणाऱ्या शेतकऱ्याला हे पटवायला आकृती काढावी लागणार नाही.

दोरांच्या या बांधणीचा तापीला आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. बॅरेजमधून नाव जात नसेल तर ती रस्त्याने गेली पाहिजे. आपल्याकडे वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते. साडेतीन-पावणेचार मीटर रुंद नाव अखंड नेता येणार नाही. पण दोर सोडले की दोन धडं, तीन तुळया, जाळी आणि डोलकाठी. पाऊण मीटरची दोन धडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर शेजारी शेजारी सहज मावतात. सकाळी प्रकाशाला फिरलेली नाव दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत असेल. एकेका जलाशयाला वेगळी जेटी, वेगळी बोट, वेगळा ठेका हे जे चालतं त्याऐवजी तीन जिल्ह्यांत मिळून चार-पाच नावा फिरत्या ठेवता येतील. बांधणीसाठीही फार लांब जायला नको. जळगाव हे पाइप, ठिबक आणि प्लास्टिक चटयांचं गाव. एचडीपीईचे पाइप तापल्या पाट्यावर धरून एकजीव सांधणारे कारागीर इथे आहेत, आणि एचडीपीई पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, गंजत नाही, दगडावर घासलं तर ओरखडा पडतो पण भोक पडत नाही. त्यावर रंग आणि गोंद नीट धरत नाहीत, जोराखाली ते हळूहळू वाकतं. म्हणून तुळया ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या लागतील. लाकडी प्लायवूडची धडं जास्त हलकी होतील, पण त्यांना दरवर्षी निगा लागते, आणि सरकारी मालकीच्या वस्तूची दरवर्षी निगा राखली जाते हे गृहीत धरून मी काही लिहिणार नाही. कायद्याची अडचण नाही. २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात मोटर बसवलेल्या नावेला तपासणी आणि नोंदणी आहे, ती खुशाल व्हावी. फक्त तपासणाऱ्याने इंजिनाच्या ताकदीबरोबर तोलाची परीक्षाही घ्यावी. माणसं एका बाजूला उभी करून मोजावी, आणि भाराची मर्यादा दाखवणारा ठळक लाल पट्टा दोन्ही धडांवर रंगवून घ्यावा. अरुंद धडं जादा वजनाला लाजतात. पट्टा बुडाला की नाव जड होते आणि वर सांगितलेला हिशेबही पाण्यात जातो.

राहिला तो आक्षेप, जो खान्देशात कोणत्याही चैनीच्या गोष्टीवर घेतला जातो आणि घेतलाच पाहिजे: पाडळसे धरण अमळनेरकर वर्षानुवर्षं मागताहेत, आणि तुम्ही शिडाच्या नावा काय मागता? पाडळसे आधी. त्यावर वाद नाही. पण जलपर्यटनावर पैसा खर्च होणारच असेल, आणि तो होतोय, तर तो वाघूरसारख्या पाण्यावर डिझेलच्या बोटीत घालू नये. ते पाणी जळगाव शहर पितं. तसंच सुलवाड्याचं धुळे पितं. इंजिनाच्या पंख्यात मच्छीमारांची जाळी अडकतात. शीड वर असतं, मोटर बारीक आणि उचलता येणारी. या नावा चालवायच्या असतील तर त्या भोई आणि कोळी मच्छीमारांच्या सोसायट्यांकडे द्याव्यात, कारण कुठल्या बाजूला पाण्याखाली झाडाचं खोड उभं आहे ते त्यांनाच माहीत असतं. हतनूरवर हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी उतरतात. त्या काळात त्यांच्या भागात शीडसुद्धा नको, मग ते कितीही मुकं असो. चांगदेवच्या संगमाकडची बाजू मोकळी राहील. चांगदेवाच्या देवळापासून निघून तापी आणि पूर्णा यांच्या मधल्या रुंद पाण्यात तासभर काढायचा आणि परत यायचं, एवढी फेरी पहिल्या वर्षाला पुष्कळ आहे.

आणि मे महिन्यात पाणी मागे सरकेल, तसं ते दरवर्षी सरकतं. पक्क्या जेटीच्या पायऱ्या चिखलाच्या वर लोंबत राहतील. कण्याची नौका अशा वेळी कुशीवर पडते आणि तिला उभं करायला क्रेन लागते. चाळीस सेंटिमीटर पाण्यात तरंगणारी सांगड आपल्या दोन धडांवर गाळात सरळ बसेल. नावाडी दोर सोडेल, तुळया खांद्यावर घेईल आणि ट्रॉली येईपर्यंत जाळीच्या सावलीत बसेल.